बॅटरीचा दुसरा टक्

समजा, तुमच्या हातात एक नवाकोरा ड्रोन दिलाय. राखाडी रंगाचा, घडी घातलेला, वजनाला एका मध्यम पापलेटाएवढा. आधी त्याचे चार हात उलगडायचे, पुढचे दोन बाजूला, मागचे दोन खालून. मग पाठीमागच्या पोकळीत बॅटरी सरकवायची आणि अंगठ्याने हलका रेटा द्यायचा. टक्. डावीकडची खाच बसली. आता थांबा आणि कान द्या, कारण उजवीकडूनही तसाच टक् यायला हवा. नाही आला? बॅटरी काढा, परत सरकवा. टक्. पुन्हा एकच. आता कडेवरून बोट फिरवा. डावीकडे बॅटरी अंगाशी सपाट आहे, उजवीकडे नखाच्या टोकाएवढी वर राहिलीय. एवढ्याने काय होतंय, असं म्हणून तुम्ही बटण दाबाल. दिवे लागतील. पंखेही फिरतील.

अंजनाबाईने बटण दाबलं नाही. तिने ड्रोन टेबलावर ठेवला, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "नमिता, ही अर्धीच बसलीय."

"मावशी, नवीन आहे गं. थोडं घट्ट असणारच."

"घट्ट वेगळं आनि अर्धवट वेगळं. मला नको शिकवू."

नमिता तिच्या बहिणीची मुलगी. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली, दहिसरला प्लास्टिकचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. ड्रोन उडवायचा तोही तिनेच, म्हणून पेटी उघडण्याचा मान तिला दिला होता. पण पेटीतली वस्तू आधी हातात घेतली ती अंजनाबाईनेच. ते कोणी नाकारलं नसतं, आणि नाकारलं असतं तर कोळणींच्या मंडळाच्या त्या खोलीत बसलेल्या पंधरा बायकांना पुढचा अर्धा तास ऐकावं लागलं असतं.

अंजनाबाई एकोणसाठ वर्षांची. गोराई खाडीच्या पलीकडच्या कोळीवाड्यात घर, बोरिवलीच्या बाजारात तेहतीस वर्षांची बसायची जागा. डोळ्यांपेक्षा तिचा बोटांवर विश्वास. गिऱ्हाईक कल्ला उचलून लाल रंग बघतं. ही माशाच्या पाठीवर अंगठा दाबते आणि पडलेला खळगा भरून येतो का ते बघते. एकदा शिंपोलीची एक बाई भरदुपारी पिशवी घेऊन परत आली, सुरमईचे दोन तुकडे वास मारतायत म्हणून. अंजनाबाईने वास घेतला, एक शब्द न बोलता दुसरी सुरमई कापून दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर माल देणाऱ्या व्यापाऱ्याला सगळ्यांदेखत असं धारेवर धरलं की तो पुढे महिनाभर तिची टोपली स्वतः भरून देत होता. "माझ्या हातून गेली म्हंजे माझी. तुझ्या हातून आली म्हंजे तुझी. मधी काय नाय," असं तिने त्याला सांगितलं होतं. तिचा राग असा, सरळ. कोळीवाड्यात म्हणतात की अंजनाबाई घरात बोलायला लागली की पलीकडच्या धक्क्यावर तिकिटवाला मान वर करतो.

आता मासळी विकणाऱ्या बायकांना ड्रोन कशाला, ते सांगायला हवं.

कोळीवाड्याच्या उत्तरेला खाडीलगत सुकवणीचं मैदान आहे. पावसाळा संपला की तिथे बांबूच्या वलांड्या उभ्या राहतात, म्हणजे उंच चौकटी, आणि त्यांच्या आडव्या दोऱ्यांवर बोंबील जोडीजोडीने, एकमेकांच्या जबड्यात अडकवून टांगले जातात. मे महिना सरला की वलांड्या उतरवायच्या, बांबू रचून ठेवायचे. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललंय. या वर्षी हद्दींची नवी मोजणी झाली आणि नकाशा आला, त्यात हे मैदान "मोकळी जागा" म्हणून दाखवलेलं. कारण सरळ होतं. नकाशासाठी आकाशातून फोटो काढला तो ऑगस्टमध्ये. ऑगस्टमध्ये तिथे चिखल आणि गवताशिवाय काय दिसणार? मंडळाने हरकत घेतली, बायकांनी मोबाइलवर काढलेले फोटो दिले. मोजणीचे साहेब म्हणाले, जमिनीवरून काढलेल्या फोटोत हद्द कळत नाही. वरून काढलेला आणा, तारखेसकट. सुनावणी सोमवारी.

लग्नाचं शूटिंग करणारे ड्रोनवाले परवानगीची भानगड ऐकून खाडी ओलांडायला तयार होईनात. शेवटी बायकांनी मिळून स्वतःचाच घ्यायचं ठरवलं. पुढच्या वर्षी परत कुणी नकाशा घेऊन आला तर परत फोटो काढता येतील. पोलीस ठाण्यात नमिताने चार खेटे घातले आणि एका सकाळची परवानगी मिळवली. शनिवार, सात ते नऊ. त्यानंतर उडवला तर गुन्हा.

आणि आज बुधवार, आणि बॅटरी अर्धीच बसत होती.

नमिताने मग बारकाईने बघितलं. एक खोट बॅटरीची. पुढचा उजवा हात उलगडल्यावर किंचित डुलत होता, बाकीचे तीन पक्के. कॅमेऱ्यावरचं पारदर्शक झाकण निघताना इतकं अडत होतं की कॅमेराच उपटून येईल की काय असं वाटावं. एकेक घेतलं तर काही नाही. तिन्ही मिळून एका नव्या वस्तूत.

हेल्पलाइनला फोन लावला. स्पीकरवर ठेवला, कारण सगळ्यांना ऐकायचं होतं. पलीकडून एका मुलीचा गोड आवाज आला. "मॅडम, ते मायनर फिटमेंट आहे. यूज करता करता सेट होऊन जाईल."

"वापरून काय होनार गो?" अंजनाबाईने फोनवर वाकून विचारलं. "झिजनार. झिजल्यावर बसंल म्हनतेस. अजून झिजल्यावर काय होईल? खाडीत पडंल. मग तू येनार हायस का बुडी मारायला?"

"मॅडम, मी आपली कंप्लेंट रजिस्टर करते."

"कर. आनि तुझं नाव सांग."

आवाज जाऊन संगीत लागलं. खोलीतल्या बायका हसल्या. अंजनाबाई हसली नाही.

*

गुरुवारी ती बाजारात होती आणि नमिता कामावर. ड्रोन घरी, कपाटावर. दुपारी परतली तेव्हा हरेश्वर ओटीवर पाय पसरून बसला होता, समोर ड्रोन, आणि चेहऱ्यावर एखादी होडी पाण्यात सोडल्यासारखं समाधान.

हरेश्वर म्हणजे तिचा नवरा. मासेमारी त्याने कधीच सोडली, पण होड्या दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारं आजूबाजूला कोणी नाही. लाकडी होडीच्या फळ्यांमध्ये फट राहतेच. त्या फटीत तेलात भिजवलेलं कापसाचं सूत छिन्नीने ठोकून बसवायचं आणि वरून चंद्रुस, म्हणजे राळ, तेलात कढवून थापायचा. पस्तीस वर्षं त्याने हेच केलं. त्याने भरलेली फट गळत नाही.

"हात डुलत होता ना याचा," तो म्हणाला. "आता बघ. हलवून दाखव."

तिने उचलून बघितलं. पुढच्या उजव्या हाताच्या बिजागरीत बारीक सूत ठासलं होतं, वर मधासारखा पिवळा चंद्रुस. हात डुलत नव्हता. हाताची आता घडीही होत नव्हती.

"अवो, काय केलंत हे?"

"होडीला सुरवातीला थोडी ढील चालते. पान्यात गेली की लाकूड फुगतं आनि आपोआप बसतं. हे पान्यात जानार नाय. हे फुगनार कधी? मंग भरायलाच पायजे." त्याने हे इतक्या शांतपणे सांगितलं की क्षणभर तिलाही ते पटलं, आणि पटलं म्हणून ती जास्तच चिडली.

"प्लाष्टिक हाय ते! फळी नाय! दुकानदाराकडं न्यायचं होतं मला, पेटीतून काढलं तसंच. आता तो म्हनंल तुमीच बिघडवलं. मी काय सांगू त्याला? माझ्या नवऱ्याला हातात काय मिळालं की भोकं दिसतात?"

"चांगलं केलं तर..."

"विचारलंत मला? घरात दोन मानसं, त्यातलं एक बाजारात, तर दुसऱ्यानं थांबायचं नाय?"

हरेश्वरने ड्रोनकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे. "बॅटरीला हात नाय लावला," तो म्हणाला. "तिची फट भरली असती, पन मग ती निघाली नसती. तेवढं मला कळतं."

त्या दिवशी त्या घरात एकच माणूस बोलत होतं.

*

शुक्रवारी नमिताने अर्धा दिवस रजा टाकली. दोघी होडीने खाडी ओलांडून बोरिवलीला आल्या, तिथून मेट्रोने ओशिवऱ्याला. सर्व्हिस सेंटर काचेचं, आत थंडगार, भिंतीवर बर्फाळ डोंगरावर उडणाऱ्या ड्रोनचा मोठा फोटो. अंजनाबाईने बाजाराचीच साडी नेसली होती, मुद्दाम. काउंटरवर निमेश नावाचा तिशीचा माणूस होता, घाटकोपरचा, गळ्यात कार्ड, मराठी बरं बोलणारा.

त्याने ड्रोन हातात घेतला आणि पहिल्यांदा जे बघायचं तेच बघितलं.

"हे काय लावलंय?"

"सूत आनि चंद्रुस," अंजनाबाई म्हणाली.

"काय?"

"होडीला लावतात ते," नमिताने सांगितलं.

निमेशने शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला हाक मारली. "अरे निलेश, इकडे ये, बघ. ड्रोनला होडीचा गोंद." निलेश आला, त्याने वास घेतला, दोघे हसले. "आंटी, ड्रोन पाण्यात टाकायचा होता का?"

काल दुपारपासून नवऱ्याशी धड न बोललेल्या अंजनाबाईने काउंटरवर दोन्ही हात ठेवले.

"ज्या मानसानं हे लावलंय ना, त्यानं पस्तीस वर्षांत दोनशे होड्या भरल्या असतील. एक नाय बुडाली. तुजी ही मशिन पेटीतून निघाली तेव्हापासून डुलतेय. हसायचं कुनाला ते आधी ठरव."

निलेश परत आपल्या टेबलाकडे गेला.

"आता आयक," ती म्हणाली. "हाताला जे लावलं ते आमी लावलं. चुकलं आमचं. कागद दे, लिहून देते, सही करते. पन बॅटरीला कुनी बोट लावलं नाय. ती तुमच्याकडून तशीच आलीय. ते तू लिही आनि तू सही कर."

निमेशने बॅटरी काढली, घातली. टक्. कान जवळ नेला. परत काढली, घातली. "बसली."

"किती आवाज आले?"

"मॅडम, बसली ना. लाइट लागते बघा."

"मी लाइटीचं नाय विचारलं. किती आवाज आले?"

"एक."

"किती यायला पायजेत?"

काचेच्या कपाटात दाखवायला ठेवलेला तसाच एक ड्रोन होता. अंजनाबाईने बोट दाखवलं. "तो काढ."

"तो डिस्प्ले पीस आहे."

"काढ."

त्याने काढला. का काढला ते त्यालाही सांगता आलं नसतं. बॅटरी सरकवली. टक्, टक्. एकामागोमाग दोन, नख नखावर वाजवावं तसे.

नमिताने पर्समधून कारखान्यातला फीलर गेज काढला. पातळ पोलादी पत्त्यांचा जुडगा, पत्ता फटीत सरकवून फट किती ते मोजायचं. "डिस्प्लेवाल्याला दोन्हीकडे सगळ्यात पातळ पत्ताही जात नाही," ती म्हणाली. "आमच्याला डावीकडे जात नाही, उजवीकडे अर्ध्या मिलिमीटरचा जातो. जाड पत्ता, सर. बघा, घाला तुम्हीच."

"तुमचा गेज आम्ही नाही मानत. आणि हे विदिन लिमिट आहे. हा पण आहे, तो पण आहे."

"लिमिट किती?"

"ते कंपनीचं इंटर्नल असतं. आम्हाला पण देत नाहीत."

"मग तुम्हाला कसं कळतं लिमिटमध्ये आहे ते?"

निमेशने संगणकाची स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. मुद्दाम नाही, वैतागून. "ही बघा, फॉर्म. कारण एकच निवडता येतं. एक तर 'निर्मिती दोष', नाही तर 'ग्राहकाकडून हाताळणीत चूक'. तुम्ही म्हणता हाताचं तुमचं, बॅटरीचं आमचं. अशी जागाच नाहीय यात. गोंद दिसतोय, फोटो अपलोड करावा लागतो. मी निर्मिती दोष टाकलं तर वरून मला विचारणार. आणि बदलून मिळायला दहा दिवस. कामाचे."

"उद्या उडवायचंय आमाला. उद्या सकाळी. परवानगी उद्याचीच हाय."

"मग उडवा ना. उडेल."

"तू उडवशील? खाडीवरून? ही बॅटरी घालून?"

तो प्रश्न त्याला खोलवर लागला असावा, कारण त्याने बॅटरी हातात घेतली, उलटी केली, उजव्या कडेला एका जागी अंगठ्याचं नख टेकवलं आणि तसंच ठेवलं. नमिता वाकली. लहानसा, पापुद्र्यासारखा प्लास्टिकचा कंगोरा, केसाएवढा जाड. साच्याचे दोन भाग नीट मिटले नाहीत की फटीतून प्लास्टिक बाहेर येऊन गोठतं. तिच्या कारखान्यात दिवसाला असे शेकडो पार्ट येतात, दोन बायका ब्लेड घेऊन फक्त तेवढंच काढायला बसलेल्या असतात.

"फ्लॅश," ती म्हणाली.

"मी काही बोललो नाही," निमेश म्हणाला. "मी काढला तर माझी नोकरी. तुम्ही काढला तर तुमची वॉरंटी."

"म्हणजे तुम्हाला माहितीय काय झालंय ते. दोन मिनिटांचं काम आहे ते."

"मॅडम, मला ओव्हरटाइम पण नाही मिळत," तो म्हणाला, आणि त्याला जे म्हणायचं होतं ते हे नव्हतं, हे तिघांनाही कळलं.

अंजनाबाईने ड्रोन पिशवीत घातला. दारातून ती परत वळली. "फॉर्म भर," ती म्हणाली. "दोनपैकी कुठलं टाकतोस ते मला कळनारच हाय."

*

मेट्रोत ती खिडकीबाहेर बघत राहिली. नमिता हिशेब मांडत होती. तसाच उडवला तर हवेत पंख्यांच्या थरथरीने बॅटरी सुटू शकते, सुटली तर दगडासारखा खाली. कंगोरा काढला तर वॉरंटी जाईल, पण बॅटरी बसेल.

"बसंल नक्की?"

"बसेल. आमच्याकडे रोज बसवतो मावशी. पण मग पुढे काही झालं तर ते हात वर करतील."

"त्यांनी हात खाली कधी घेतले होते?" अंजनाबाई म्हणाली. "वॉरंटीवर बोंबील नाय वाळत."

त्याच संध्याकाळी ओटीवर उजेड असेपर्यंत तिघांनी काम केलं. नमिताने भिंग लावून नव्या ब्लेडने तो पापुद्रा तासला, एका वेळी केसभर, प्रत्येक वेळी बॅटरी घालून बघत. हरेश्वर शेजारी बसून बिजागरीतलं आपलंच सूत सुईने एकेक धागा ओढून काढत होता, स्पिरिटचा बोळा फिरवत होता. ठोकायला त्याला दहा मिनिटं लागली होती, काढायला दीड तास. तोंडातून शब्द नाही. अंजनाबाईने त्याच्यापुढे चहा ठेवला, तोही न बोलता. काल ज्या माणसाला तिने घरात एवढं झोडपलं, त्याच्यासाठी ती आज परक्यांशी भांडली होती, आणि हे त्याला सांगायची तिची मुळीच तयारी नव्हती. नमिताने सांगून टाकलं. हरेश्वरने सुईवरची नजर काढली नाही, पण कान लाल झाले.

सहाव्या खेपेला बॅटरी बसली. टक्, टक्. अंजनाबाईने बॅटरी स्वतः काढली, स्वतः घातली, तीनदा. मग कडेवरून अंगठा फिरवला. सपाट.

"दोन मिनिटांचं काम," ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा होता की नमिताने ब्लेड गुपचूप कागदात गुंडाळलं.

हात मात्र डुलतच राहिला. त्यावर इलाज नव्हता. शनिवारी सकाळी सात वाजता सगळं मंडळ मैदानाच्या कडेला उभं होतं. वलांड्या बोंबलांनी भरलेल्या, वास खाडीपर्यंत गेलेला. नमिताने ड्रोन ताटावर ठेवला आणि रिमोट हातात घेतला.

"आता नको," हरेश्वर म्हणाला. दोन दिवसांत बायकोच्या समोर बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य. "मतलई चाललाय. जमिनीकडनं खाडीकडं. तुझा हा लंगडा हात, वाऱ्यानं ओढला तर थेट पान्यावर. हा वारा पडू दे. मग दर्याचा वारा सुरू व्हायच्या आदी अर्धा तास पान हालत नाय. तेवा सोड."

"काका, नऊला परवानगी संपते."

"ठाऊक हाय."

साडेसात झाले. आठ झाले. बंदोबस्ताला आलेला हवालदार धम्मपाल घड्याळ बघून चहा प्यायला गेला आणि परत आला. बायका कुजबुजायला लागल्या. अंजनाबाई नवऱ्याकडे बघत नव्हती, पण नमिताला हात आडवा धरून तीच थांबवत होती. सव्वाआठला वलांडीच्या टोकाला बांधलेली लाल चिंधी फडफडायची थांबली आणि सरळ खाली लोंबली.

"सोड," हरेश्वर म्हणाला.

ड्रोन वर गेला. आधी थोडा डावीकडे झुकला, नमिताने सावरला. मग सरळ. स्क्रीनवर मैदान दिसायला लागलं. बायका नमिताच्या खांद्यांवरून वाकल्या. आयुष्यभर ज्यांनी ते खालून, मान वर करून, हात दुखेस्तोवर बघितलं होतं, त्यांना ते पहिल्यांदा वरून दिसलं: ओळीमागून ओळी, राखाडी-रुपेरी, कडेला खाडी, आणि मधल्या वाटेवरून टोपली घेऊन चाललेली एक बाई, मुंगीएवढी. अठरा मिनिटं उडाला. चार कोपरे घेतले, हद्दीचे दगड घेतले. खाली उतरला तेव्हा आठ चौतीस झाले होते आणि चिंधी पुन्हा हलायला लागली होती, आता उलट्या दिशेने.

टाळ्या झाल्या. हरेश्वरला कुणीतरी पेढा भरवला. मैदानातून परतलेल्या अंजनाबाईने टोपली खाली ठेवून आधी बॅटरीवरून अंगठा फिरवला आणि मगच टाळी वाजवली.

सोमवारी सुनावणीत साहेबांनी व्हिडिओ दोनदा बघितला. मुंगीएवढ्या बाईवर थांबवून विचारलं, "ही कोण?" अंजनाबाई म्हणाली, "मीच." साहेबांनी "मोकळी जागा" या शब्दांवर पेनने रेघ मारून वर "मासळी सुकवण्यासाठी वापरात" असं लिहिलं आणि प्रत्यक्ष पाहणीची तारीख दिली. पुढचं अजून बाकी आहे, पण त्या दिवशी बायकांना जेवढं हवं होतं तेवढं झालं होतं. दुपारी कोळीवाड्यात पुरणपोळ्यांचा घाट घातला गेला.

आणि त्याच दुपारी नमिताच्या मोबाइलवर मेल आला. आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कारण: ग्राहकाकडून हाताळणीत चूक. आमच्या सेवेला पाच पैकी किती तारे द्याल?

"जाऊ दे ना मावशी," नमिता म्हणाली. "उडाला ना. काम झालं ना."

सगळे हेच म्हणत होते. काम झालं. अंजनाबाईला याचाच सगळ्यात जास्त संताप येत होता. काम झालं ते तिच्या भाचीच्या ब्लेडने आणि नवऱ्याच्या वाऱ्याच्या ज्ञानाने, आणि कागदावर मात्र चूक त्यांचीच राहिली. शिंपोलीच्या बाईला तिने सुरमई बदलून दिली नसती, नुसतं सांगितलं असतं की बाई, तुमच्याच पिशवीला वास होता, तर तीही संध्याकाळी काहीतरी दुसरं रांधून जेवलीच असती. तिचंही काम झालंच असतं.

मंगळवारी बाजार आटोपून ती एकटीच मेट्रोने ओशिवऱ्याला गेली. काउंटरवर निमेश होता. त्याने तिला ओळखलं आणि खुर्चीतून अर्धवट उठला.

"भांडायला नाय आले," ती म्हणाली. "तू काय टाकलंस ते वाचलं. तुझ्यावर दबाव असंल, तुझं तू जान. मला बदलून पन नको. मला एकच सांग. ही बॅटरी पेटीत घालायच्या आदी कुनीतरी एकदा लावून बघितली असंल ना?"

"हो, टेस्टिंग होते."

"कुनीतरी मानूस?"

"माणूसच असतो, मॅडम. लाइनवर."

"बाई का बाप्या?"

"ते काय माहीत नाही. कुठल्या तरी फॅक्टरीत. लांब."

"लांब असू दे." अंजनाबाईने काउंटरवर दोन्ही हात ठेवले. बोटांना अजून बर्फाचा गारवा होता. "त्यानं बॅटरी घातली, आनि एकच आवाज आला. मला फकस्त एवढं कळवून दे, कुनाला विचारायचं ते विचार: त्याला दुसरा आवाज आला नाय हे कळलंच नव्हतं, का कळूनसुद्धा त्यानं पेटी बंद केली?"